नांगऱ्याची रोटी

फतेसिंहाच्या शेतात शेणखताची विसावी टोपली रिकामी करून सौणीनं कंबर सरळ केली, तेव्हा समोरच्या डोंगरावरचं ऊन निम्म्यावर उतरलं होतं. तिच्या मागोमाग तिची लेक आंचल एक टोपली घेऊन आली. टोपली अर्धीच होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता.

"मम्मी, पटकन सांग. मला तीन मुद्दे तरी हवेत."

"कसले मुद्दे?"

"कालच सांगितलं ना! शनिवारी कॉलेजात वादविवाद आहे. आजच्या काळात स्त्रीवादाची गरज उरली आहे का? चिठ्ठ्या टाकल्या, तर माझ्या वाटणीला 'उरली नाही' आलं. आता मला त्याच बाजूनं बोलायचंय."

"मग अडलंय कुठं? नाहीच उरली." सौणीनं रिकाम्या टोपलीवर बूड टेकलं. "घरात गॅस आला. नळ दारात आला. बँकेतलं खातं माझ्या नावाचं. तू पौडीला शिकतेस, स्कूटी उडवतेस. माझी आई बसमध्येसुद्धा माझ्या वडलांच्या मागं दोन बाकं सोडून बसायची. लिही."

आंचल लिहीत गेली.

"आणि गावचा कारभार बघणारी आपली प्रधान बाईच आहे की. रेखा काकी."

"हां, हा भारी मुद्दा आहे. काकी आत्ता घरी असेल का गं? तिचाच एक व्हिडिओ करते."

"ती कसली घरी? गवताला गेलीय."

"आणि काका?"

"तो गेलाय ब्लॉकच्या कचेरीत. प्रधानांची मीटिंग आहे ना आज."

आंचलनं आईकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं. "हा मुद्दा राहू दे," ती म्हणाली.

सौणी खो खो हसली आणि एकविसावी टोपली भरायला निघाली. हा तिचा फतेसिंहाच्या शेतातला चौथा दिवस होता. धारकोटीत बैलांची एकच जोडी उरली होती आणि ती फतेसिंहाची. ज्या घरातला पुरुष देहरादूनला नाहीतर दिल्लीला, त्या घरच्या बाईनं चार दिवस फतेसिंहाकडे राबायचं, मग तो एक दिवस तिच्या शेतात औत घालणार. असं कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बाकी या गावात बाई काय करत नाही ते विचारा. खत तीच वाहते, बी तीच फोकते, निंदते, कापते, झोडपते, पाठीवर लादून घरी आणते. फक्त नांगराच्या मुठीला तिचा हात लागता कामा नये. अंगणात नांगर आडवा पडला असला तरी बाईनं तो ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं. हात लागला की पाऊस रुसतो, गारा पडतात, अस्वल येतं. किती संकटं येतात ते सांगणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असे.

सौणीनं बावीस वर्षं वळसा घातला होता. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. तिची तक्रार एवढीच होती की कार्तिक निम्मा सरला, जमिनीतला वाफसा दिवसागणिक उडत चालला आणि डोंगरउतारावर कोरलेल्या तिच्या नऊ पायऱ्यांच्या शेताची पाळी दर वर्षी शेवटी येते.

दुसऱ्या दिवशी फतेसिंह आला एकदाचा. साठी उलटलेला, काटक, तोंडानं फटकळ माणूस. पुढे लाल्या आणि धौळ्या. चैतानं, म्हणजे सौणीच्या सासूनं, बैलांच्या कपाळाला टिळा लावला, मग फतेसिंहाच्या. बी फोकून झालं होतं. फतेसिंहानं सगळ्यात वरची पायरी धरली आणि उन्हं तापेपर्यंत ती उलटून काढली. माती कशी मऊ, काळसर निघत होती! सौणी मागून कुदळीनं ढेकळं फोडत होती आणि मनातल्या मनात उरलेल्या आठ पायऱ्या मोजत होती.

मग फतेसिंह जेवायला बसला.

नांगऱ्याची रोटी धारकोटीत वेगळीच करतात. भिजवलेले कुळीथ वाटून, आलं-लसूण-मिरची घालून त्याचं पुरण भरायचं, बोटभर जाड थापायची, निखाऱ्यावर फुगवायची आणि वरून तूप असं सोडायचं की थाळीत ओघळलं पाहिजे. ही रोटी बायकांनी खायची नाही. उरली तर बैलांना. चैता ती पंचावन्न वर्षं भाजत होती आणि सौणी बावीस, आणि दोघींनाही तिची चव माहीत नव्हती. मीठ बेताचं पडलंय की नाही, ते नांगऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं.

फतेसिंह दुसऱ्या रोटीवर आला तशी सौणीनं हळूच विषय काढला. गावातल्या सगळ्या सुनांचा तो जेठजी, म्हणजे थोरला दीर. "जेठजी, उरलेल्या आठ उद्या होतील ना?"

"ब्वारी!" चैता कडाडली. या भागात सुनेला ब्वारी म्हणतात, पण चैताच्या तोंडी तो शब्द चाबकासारखा यायचा. "नांगऱ्या जेवतोय. जेवताना त्याला काही विचारायचं नसतं. इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही?"

सौणीनं त्याच्या रोटीवर आणखी तूप सोडलं. आंचल उंबऱ्यात उभी राहून सगळं पाहत होती.

फतेसिंहानं सावकाश तिसरी रोटी संपवली, बोटं चाटली, चूळ भरली आणि मग म्हणाला, "उद्या नाही जमायचं. लाल्याचा खूर चिरलाय, तुझ्याच शेतातल्या दगडानं. आठ-दहा दिवस तरी त्याला उभा करत नाही."

"आठ-दहा दिवसांनी वाफसा राहील का?"

"ते मला काय विचारतेस? वर त्याला विचार." त्यानं आभाळाकडे बोट केलं. मग लंगडणाऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो निघून गेला. त्याचंही खोटं नव्हतं. खुरातून रक्त येत होतं. पण सौणीच्या चार दिवसांतून एकच पायरी निघाली होती आणि ढेकळं फोडून तिचे तळहात हुळहुळत होते. कुणावर चिडावं ते कळेना म्हणून ती कोंबड्यांवर चिडली.

संध्याकाळी हुकमसिंहाचा फोन आला. हा सौणीचा नवरा देहरादूनला एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर चौकीदार होता. माणूस मनानं लोण्यासारखा, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

"मग? झाली का पेरणी?"

"एक पायरी झाली."

"सौणी, गेल्या वर्षी तूच शब्द दिला होतास. गहू वीतभर उगवला, रानडुकरांनी तोही नेला. तेव्हा तू म्हणालीस, आणखी एकदा बघू, नाही जमलं तर कुलूप लावून येते."

"म्हणाले होते."

"मी रविवारी सुट्टी काढून येतोय. पेरणी झालेली असेल तर ठीक. नसेल तर तू आणि आई, दोघींनी माझ्याबरोबर निघायचं. खोली लहान आहे, पण तिघांना काय लागतं?"

"तुमच्या खोलीत सासूजींचा नुसता राग मावायचा नाही," सौणी म्हणाली. तो हसला, तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला ती खोली आठवली. त्या खोलीत ती एकदा महिनाभर राहिली होती. खायचं, निजायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. कामाशिवाय हात ठणकायचे. तिला नवरा हवा होता, पण ती भिंत नको होती. तिला ही नऊ पायऱ्यांची जमीन हवी होती. तिथला दगडन् दगड तिनं उचलून बांधावर ठेवला होता. धारकोटीत अशी अकरा घरं कुलपं लावून गेली होती आणि त्यांच्या शेतांत आता कमरेएवढं रान माजलं होतं. आपलं बारावं होणार, या विचारानं तिला रडू आलं आणि ती ढसाढसा रडली. मग नाक पुसून भाकरी थापायला बसली.

आंचल शेजारी येऊन बसली. "मम्मी, ते तुमच्या महिला दलाचं मशीन आहे ना?"

भाकरी थापता थापता सौणीचा हात थांबला.

मशीन होतं खरं. माती उलटणारं, पेट्रोलवर चालणारं, दोन दांड्यांचं छोटं धूड. सरकारी योजना बायकांच्या गटाला होती, म्हणून गावातल्या यच्चयावत पुरुषांनी बायकांना ढकलून ढकलून अर्जावर सह्या करायला लावल्या होत्या. नाव बायकांचं, चालवू आम्ही, असा साधा सरळ हिशेब. पण ब्लॉकातल्या साहेबांनी अट घातली की ज्यांची सही, त्यांनीच तीन दिवस शिकायला यायचं. मग सौणी आणि तिची मैत्रीण गोदांबरी तीन दिवस जाऊन आल्या. दोघींनी ते मशीन उघडून पुन्हा जोडलं, चालवलं आणि भजी खाऊन परत आल्या. गावात मात्र दोघींनाही कुणी हात लावू दिला नाही.

गावात ते आधी धरलं पंडित महिधरांच्या मुलानं, दिवाकरनं. इथंच खरी गंमत होती. पंडितांच्या घरात पुरुषांनीही औत धरायचं नसतं. धरलं तर बाटतात, मग त्यांच्या हातून कुणी पूजा करून घेत नाही. आणि दिवाकरला तर मशीन चालवायची भारी हौस. मग भाद्रपदात पंडितजी देवळाच्या ओट्यावर बसले, पंचांग उघडलं, मिटलं आणि सगळ्या गावादेखत निवाडा दिला. औत म्हणजे लाकूड, फाळ आणि बैलांच्या मानेवरचं जू. याला लाकूड नाही, जू नाही, बैल नाही. हे पेट्रोल पितं. तेव्हा हे औत नव्हे आणि याला हात लावण्यात काडीचाही दोष नाही. दिवाकरनं दोन दिवस मशीन हाणलं आणि तिसऱ्या दिवशी बांधावरून खालच्या खाजकुयलीत घातलं. तो दहा दिवस अंग खाजवत होता. तेव्हापासून मशीन सुरू होईना. पंडितांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होतं.

"ते औत नव्हे," सौणी स्वतःशीच म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपली.

गुरुवारी सकाळच्या बसनं आंचल पौडीला गेली आणि सौणी गोदांबरीला घेऊन देवळाकडे गेली. गोदांबरी म्हणजे तोंडात तीळ भिजणार नाही अशी बाई. नवरा फौजेतून पेन्शनीत आलेला, तोही तिला वचकून असायचा. ओट्यावर पंडितजी उन्हाला बसले होते. दिवाकर मोबाइल बघत होता आणि खाली फतेसिंह लाल्याच्या खुराला हळद-तेल चोळत होता.

"पंडितजी, मशीन न्यायला आलोय," सौणी म्हणाली.

"बंद आहे ते."

"बघते सुरू होतं का."

"आणि झालं तर? चालवणार कोण?"

"मी."

फतेसिंहाचा हात खुरावरच थांबला. पंडितजींनी शाल नीट केली आणि आवाज मऊ केला. "सौणी ब्वारी, तू शहाण्या घरची. बाईनं औताला हात लावला की गावावर काय येतं, हे मी तुला सांगायला हवं का?"

"औताला कोण हात लावतंय?" गोदांबरी म्हणाली. "पंडितजी, भाद्रपदात तुम्ही याच ओट्यावर बसून काय म्हणालात? मी तिथं नळावर भांडी घासत होते. औत म्हणजे लाकूड, फाळ आणि जू. हे पेट्रोल पितं, हे औत नव्हे. माझ्या या दोन कानांनी ऐकलंय. त्या दिवशी माझा तांब्या चेपला, म्हणून दिवससुद्धा लक्षात आहे."

"ते निराळं," पंडितजी म्हणाले. "ते पुरुषांपुरतं."

"म्हणजे दिवाकरनं धरलं की ते मशीन, आणि सौणीनं धरलं की औत? मग ते असं रात्रीतून लाकडाचं होतं का?"

ओट्यावर उन्हाला बसलेली दोन-तीन म्हातारी माणसं फिसकन हसली. फतेसिंहानं बैलाच्या पोटाआड तोंड लपवलं. पंडितजींची आता खरी पंचाईत झाली. औत म्हणावं तर मुलगा बाटलेला ठरतो, आणि पुढच्या महिन्यात त्यालाच दोन मुंजी लावायच्या होत्या. औत नव्हे म्हणावं, तर या दोघी समोर कंबर कसून उभ्या.

"बाबा," दिवाकर घाईघाईनं म्हणाला, "ते औत नाहीच. नाहीच आहे. द्या ना त्यांना."

"द्या की हो!" घरातून पंडितीणबाईंचा आवाज आला. "माझा गोठा अडलाय त्या धुडानं."

पंडितजींनी शेवटचा पत्ता टाकला. पंचांग उघडलं, बोटावर काही मोजलं. "न्यायचं तर न्या. पण मंगळवारच्या आधी मुहूर्त नाही."

"जे औतच नाही, त्याला मुहूर्त कशाला?" सौणी म्हणाली. तिला स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटलं. पंडितजींनी तिच्याकडे पाहिलं, पंचांग मिटलं आणि डोळेही मिटून घेतले. त्यांचा होकार एवढाच होता, आणि तो दोघींना पुरेसा होता.

मशीन सुरू होईना त्याचं कारण सौणीला ताडपत्री काढताच कळलं. पालथं पडल्यामुळे आतलं तेल वर चढलं होतं. तिनं पान्यानं प्लग काढला. तो काळाकुट्ट, चिकट. पदरानं पुसला, चुलीजवळ नेऊन कोरडा केला, परत बसवला आणि मशीनच्या अंगावर पाय रोवून दोरी ओढली. दहा वेळा ओढली. अकराव्या वेळी ते खोकलं, धुराचा भपका सोडला आणि धडधडायला लागलं. गोठ्यातल्या म्हशी हंबरल्या. गोदांबरीनं सौणीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा पदर डोक्यावरून खाली आला.

घरी मात्र चैतानं अबोला धरला.

शुक्रवारी सकाळी सौणी हुकमसिंहाचे जुने बूट पायात घालत होती, तेव्हा सासू चुलीपाशी बसल्या बसल्या बोलली. "मी सतरा वर्षांची होते. माझ्या माहेरी, शेजारच्या गावात, रुक्मा म्हणून होती. नवरा तापानं फणफणलेला, घरात दुसरं कुणी नाही. तिनं औत धरलं. चार दिवसांनी गारा पडल्या. गारा तर दर वर्षीच पडतात. पण लोकांनी तिच्या मानेवर जू ठेवलं आणि शेतातनं फिरवली. पुढं गवत टाकलं, म्हणाले, खा. सगळं गाव बघत होतं. मीही बघत होते." तिनं राख सारखी केली. "मला पावसाची भीती नाही, ब्वारी. मला गावाची भीती आहे."

इतक्या वर्षांत चैता तिच्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती. सौणी तिच्याजवळ खाली बसली. "आता तसं गाव नाही, सासूजी."

"गाव तेच असतं. तुला काय करायचं ते कर. मी येणार नाही."

सौणी एकटीच गेली, पण शेतात पोचली तर ती एकटी नव्हती. मशीन एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जात नाही, ते उचलूनच न्यावं लागतं. तेव्हा गोदांबरीनं दलातल्या बायका गोळा केल्या होत्या. रेखासुद्धा आली होती, गवताचा दोर घेऊन. "प्रधान म्हणून आलीस का?" कुणीतरी विचारलं. "दोर माझा आहे म्हणून आलेय," ती म्हणाली. चौघींनी दांड्यांना दोर बांधला, दोघींनी वरून ओढलं, दोघींनी खालून रेटलं, आणि हसू आवरत नसल्यानं ते धूड दोनदा अर्ध्यातून परत आलं.

मातीतलं पहिलं तास, म्हणजे पहिली चरी, वाकडं गेलं. अगदी वाकडं. मशीन दगडावर आपटलं की उसळायचं आणि हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जायचा. बांधाच्या कडेला वळवताना सौणीला वाटलं, आता आपणही खाजकुयलीत. तिचे दात वाजत होते. पण मागं वळून पाहिलं तर माती उलटली होती. तिच्या हातानं उलटली होती! आत अजून ओल होती. तिनं वाकून मूठभर माती घेतली आणि वास घेतला. मग पुन्हा दांड्या धरल्या.

वरच्या वाटेवर फतेसिंह येऊन बसला होता. तो म्हणे सहज आला होता. दुसरी पायरी निम्मी होईपर्यंत त्यानं दम धरला, मग त्याच्यानं राहवेना.

"दाबू नकोस एवढं! ते रुततंय!"

सौणीनं दाब कमी केला.

"डावीकडे रेट! कोपरा सोड, तो कुदळीनं काढ! अगं, मशीनशी मारामारी करू नकोस, त्याला चालू दे!"

"जेठजी, खाली येऊन सांगा की!" गोदांबरी ओरडली.

"मी कशाला येऊ? ते काय औत आहे?" असं म्हणत तो खाली आला. बूट काढून तासाच्या कडेकडेनं चालू लागला. बैलाशी बोलायचा तसाच तो सौणीशी बोलत होता, हळू, बास, वळ, शाबास. तिला त्याचा रागही आला नाही. त्याच्या बोलण्यानं तास मात्र सरळ झालं. संध्याकाळपर्यंत चार पायऱ्या झाल्या. सौणीला घास तोंडापर्यंत नेववत नव्हता, हात एवढे थरथरत होते. चैतानं न बोलता तिच्यापुढं गरम पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि आपली वाकळ ओढून भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी उरलेल्या चार. अंग ठणकत होतं, तळहातावरचे फोड फुटले होते, त्यावर चिंधी बांधून सौणी उभी राहिली. सातवी झाली, आठवीला हात घातला आणि तेवढ्यात पश्चिमेकडून एक ढग आला. चांगला काळा, पोट सुटलेला. बघता बघता त्याची सावली नवव्या पायरीवर येऊन थांबली. सौणीनं मशीन बंद केलं. बायका वर बघू लागल्या, फतेसिंह वर बघू लागला, आणि दूर देवळाच्या ओट्यावर पंडितजीही उभे राहून वरच बघत होते. सौणीच्या डोळ्यांपुढं रुक्मा आली. मानेवर जू असलेली.

गोदांबरीनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "ए ढगा!" ती बोंबलली. "हे औत नव्हे! पंडितजींना विचार!"

डोंगरभर हसू फुटलं. रेखा तर बांधावरच लोळायची राहिली. ढग जरा वेळ थांबला, चार थेंब टाकले आणि पलीकडच्या डोंगरधारेवर निघून गेला. सौणीनं दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मशीन सुरू झालं.

नवव्या पायरीचं शेवटचं तास संपलं तेव्हा दुपार कलली होती. सौणी होती तिथंच मातीत बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. उद्या हुकमसिंह येईल. येऊ दे. कुलूप आणलं असेल तर परत घेऊन जाईल. सासू तेवढी आली असती तर बरं झालं असतं, एवढंच तिच्या मनात राहिलं.

आणि वरच्या वाटेनं चैता येताना दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली पितळी थाळी. कुळथाचा, तुपाचा वास तिच्या आधी खाली पोचला. फतेसिंहानं सवयीनं हात धोतराला पुसले, मांडी घातली, फेटा सारखा केला आणि समोरची जागा झटकली.

चैता त्याच्यासमोरून पुढं गेली.

ती सौणीपुढं थांबली. तिनं थाळीवरचं फडकं काढलं, थाळीतल्या कुंकवात बोट बुडवलं आणि सुनेच्या घामट, धुळकट कपाळाला टिळा लावला. मग तिनं मशीनकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि एक बोट त्याच्या टाकीलाही टेकवलं.

"जेव," ती म्हणाली.

"सासूजी, पण ही..."

"ही नांगऱ्याची आहे. मला ठाऊक आहे कुणाची आहे. जेव म्हणते ना."

सौणीनं चिंधी बांधलेल्या हातानं रोटी मोडली. आतून वाफ आली, तूप मनगटावर ओघळलं. तिनं घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. बायका भोवती गोळा होऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्या सगळ्यांनी असंच नांगऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

"मीठ बरोबर पडलंय का?" चैतानं विचारलं.

सौणीनं घास गिळला. जरा संकोचली. "थोडं कमी आहे."

"कमी?" चैता मटकन खाली बसली. "पंचावन्न वर्षं मी याच मापानं घालते. पंचावन्न वर्षं कमीच घालतेय? आणि एक मेला बोलला नाही!" ती फतेसिंहाकडे वळली. "तू रे? तीस वर्षं हादडतोयस!"

"मी सांगणारच होतो, बोडी," फतेसिंह म्हणाला. मोठ्या काकीला इकडे बोडी म्हणतात. "पण जेवताना मला कुणी काही विचारतच नव्हतं."

मग जे हसू उसळलं ते थांबेचना. सौणीनं अर्धी रोटी सासूच्या हातात कोंबली. चैतानं नको नको म्हटलं, मान फिरवली, शेवटी एक तुकडा तोंडात टाकला आणि दात नसलेल्या बाजूनं सावकाश चावत राहिली. "कमीच आहे," तिनं कबूल केलं आणि दुसरा तुकडा घेतला.

तेवढ्यात बांधावर ठेवलेला सौणीचा मोबाइल वाजला. तिचे दोन्ही हात तुपानं माखलेले, तोंडात मोठा घास. चैतानंच तो उचलला आणि कानापासून वीतभर लांब धरला.

"हॅलो, मम्मी!" आंचलचा आवाज सगळ्या शेताला ऐकू आला. "पाच मिनिटांत माझं नाव पुकारतील. नांगरणीचं काय झालं? झाली का? आणि पटकन एक सांग, चिठ्ठीत काहीही आलं असो, मी काय बोलू? गरज आहे की नाही?"

सौणीनं तोंडातला घास घाईघाईनं गिळायचा प्रयत्न केला. चैतानं हातानंच तिला थांबवलं.

"तुझी आई जेवतेय," ती फोनवर म्हणाली. "नांगऱ्याची रोटी खातेय. जेवताना नांगऱ्याला काही विचारायचं नसतं. तुझं तू बघ." आणि तिनं फोन बंद करून पदराखाली ठेवला.